कंपनी नोंदवण्याआधी वकील कसा शोधावा

कंपनी नोंदवायला वकील लागतोच असं नाही. बऱ्याच देशांत अर्ज ऑनलाइन भरता येतो. नाव, पत्ता, संचालक, भागधारक, भांडवल आणि ओळखीचे पुरावे हाताशी असले की काम उरकतं. इंग्लंडमध्ये तर स्वतःची नियमावली (कंपनी आतून कशी चालेल याचे नियम) जोडली नाही तरी अडत नाही, २००६च्या कंपनी कायद्याप्रमाणे सरकारी नमुना नियमावली आपोआप लागू होते. भारतात हे काम बहुधा सीए किंवा कंपनी सेक्रेटरी करतात, आणि नीट करतात.

मग वकिलाला पैसे कशाचे द्यायचे? अर्जात ज्यांना रकानाच नाही अशा गोष्टींचे. दोघांपैकी एक जण आठ महिन्यांत सोडून गेला तर त्याच्या शेअर्सचं काय? ज्या कोडवर धंदा उभा आहे तो नक्की कुणाच्या मालकीचा? कंपनी जन्माला येण्याआधी केलेल्या करारांची जबाबदारी कुणाच्या गळ्यात? अर्ज हे विचारत नाही. वकिलानेही विचारलं नाही, तर तुम्ही फक्त अर्ज भरून घेण्याचे जास्तीचे पैसे मोजलेत.

नमुना नियमावलीत काय दडलेलं असतं ते एका कलमावरून बघा. दोन मित्र, ५०-५० शेअर्स, दोघेच संचालक. दोघांची समजूत अशी की एकमत झाल्याशिवाय काहीच पुढे सरकणार नाही. पण इंग्लंडची नमुना नियमावली आणि भारताच्या २०१३च्या कंपनी कायद्यातला तसाच नमुना, ‘टेबल एफ’, या दोन्हींमध्ये संचालकांच्या बैठकीत समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत दिलेलं आहे. म्हणजे पहिल्या बैठकीत “तूच हो रे अध्यक्ष” म्हणून ज्याला बसवलं, तो संचालक मंडळात दुसऱ्यावर मात करू शकतो. बरोबरीचं नातं एका ओळीत संपलं, आणि ती ओळ दोघांपैकी कुणी वाचलेली नसते. जाणता वकील हे कलम काढायला लावतो किंवा समजून-उमजून ठेवायला सांगतो. शिवाय कोंडी झालीच तर काय करायचं हेही लिहून घेतो: आधी मध्यस्थ, आणि तेवढ्यानेही सुटलं नाही तर एकाने शेअरचा भाव सांगायचा व दुसऱ्याने त्या भावाला विकायचं की विकत घ्यायचं ते ठरवायचं. हा शेवटचा उपाय दिसतो न्याय्य, पण ज्याच्या खिशात जास्त पैसा त्याच्या बाजूने तो झुकतो. हेही त्यानेच सांगायला हवं.

वकील कुणाचा?

पहिल्या भेटीत सगळ्यात आधी हे विचारा, कारण बहुतेक संस्थापक इथेच फसतात. कंपनी ही मालकापासून वेगळी व्यक्ती आहे, हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) १८९६ साली सॉलोमन खटल्यात पक्कं केलं. त्याचा दुसरा अर्थ असा की कंपनीचा वकील हा तुमचा वकील नव्हे. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत (नियम १.१३) हे स्पष्टच आहे: संस्थेने नेमलेल्या वकिलाचा अशील ती संस्था, तिचे संचालक किंवा भागधारक नाहीत. उद्या तुमचं सहसंस्थापकाशी बिनसलं आणि तुम्ही “आपल्या” वकिलाला फोन केलात, तर तुम्ही सांगितलेली गोष्ट त्याला कंपनीपासून लपवता येईलच असं नाही.

नोंदणीआधी तर कंपनीच नसते, तेव्हा अशील कोण? तिघे संस्थापक मिळून, की ज्याने फोन केला तो एकटा? याचं उत्तर लेखी घ्या. तिघांचे हितसंबंध साधारण सारखे असतील, म्हणजे तिघेही पूर्णवेळ आणि तिघांचा पैसा जवळपास सारखा, तर एक वकील चालतो. पण एकाने सगळं भांडवल घातलंय आणि दुसऱ्याचे फक्त कष्ट आहेत, अशी जोडी असेल तर कष्ट घालणाऱ्याने संस्थापक करार स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यावा. पूर्ण नेमणूक नको, दोन-तीन तासांचं वाचन आणि एक फोन पुरतो. आणि वकील गुंतवणूकदाराने किंवा एखाद्याच्या नातेवाइकाने “आपलाच माणूस आहे” म्हणून सुचवला असेल, तर तो त्या माणसाचंही काम करतो का, हे सरळ विचारा. हितसंबंधांचा संघर्ष तपासणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. विचारल्यावर जो दुखावतो, त्याला घेऊ नका.

सीए आणि वकील यांच्यातला एक फरक फारसा बोलला जात नाही, तोही इथेच सांगतो. वकिलाशी कायदेशीर सल्ल्यासाठी झालेलं बोलणं गोपनीयतेच्या खास संरक्षणाखाली येतं. तोच सल्ला अकाउंटंटने दिला तर इंग्लंडमध्ये ते संरक्षण मिळत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली प्रुडेन्शियल खटल्यात तसा निकाल दिला. त्यामुळे “जुन्या मालकाच्या लॅपटॉपवर कोड लिहिला होता” यासारखी नाजूक गोष्ट आधी वकिलाला सांगायची, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

शोधायचा कुठे

“कॉर्पोरेट वकील” या नावाखाली फार निरनिराळी माणसं येतात. कुणी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं अनुपालन बघतो, कुणी विलीनीकरणं करतो, कुणी कंपनी न्यायाधिकरणात भांडतो. तुम्हाला हवा असतो संस्थापकांचे करार, शेअर्सचं वाटप आणि पहिली लहान गुंतवणूक हे आठवड्याला हाताळणारा. कोर्ट गाजवणारा दिवाणी वकील मसुदा उत्तम लिहीलच असं नाही. उलट, नुसते मसुदे लिहिणाऱ्याला कोर्टात कुठलं कलम गळून पडतं याची कल्पना नसते. दोन्ही बाजूंचा थोडा अनुभव असलेला मिळाला तर उत्तम.

भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे इंटरनेटवरच्या “पहिल्या दहा वकिलां”च्या याद्यांना फारशी किंमत देऊ नका. नाव मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांनी एकदा तरी बाहेरची गुंतवणूक घेतली आहे असे संस्थापक. त्यांच्या कागदांची छाननी दुसऱ्या बाजूच्या वकिलाने केलेली असते, म्हणजे कामाची परीक्षा होऊन गेलेली असते. त्यांना “वकील कसा आहे” असं विचारलंत तर “चांगला आहे” एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: सांगितलेल्या आकड्यापेक्षा बिल किती वाढलं, पहिला मसुदा किती दिवसांत आला, आणि गुंतवणूकदाराच्या छाननीत कुठला कागद दुरुस्त करावा लागला. आणखी एक भारी प्रश्न: त्या व्यवहारात समोरच्या बाजूला वकील कोण होता? समोर बसून ज्याने घाम फोडला, ते नाव बहुधा यादीत घालण्यासारखं असतं.

सनद तपासा. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची नोंदवही, अमेरिकेत त्या-त्या राज्याच्या बारचं संकेतस्थळ, भारतात राज्याची बार कौन्सिल. पाच मिनिटांचं काम आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथेच दिसते.

तीन नावं काढा आणि तिघांशीही अर्धा-अर्धा तास बोला. दोनच असली की माणूस स्वस्ताकडे वळतो आणि पाच झाली की कंटाळून पहिल्याकडे परततो.

फोनआधीचं एक पान

फोन करण्याआधी एका पानावर इतकं लिहून काढा: संस्थापक कोण आणि शेअर्सची वाटणी काय ठरली, कोण काय आणतोय (पैसा, यंत्र, कोड, गिऱ्हाईक), कोण अजून दुसरीकडे नोकरीत आहे, आतापर्यंत काय बनवलं आणि ते कुणी, बाहेरच्या कुणाला पैसे देऊन काय करून घेतलं, कुठले करार किंवा शब्द आधीच देऊन झाले, संस्थापक कुठल्या देशात कर भरतात, आणि पुढच्या दीड वर्षात बाहेरचा पैसा घ्यायचा विचार आहे का. नोकरीचा मुद्दा सर्वात घातक. बऱ्याच नेमणूकपत्रांत कर्मचाऱ्याने नोकरीच्या काळात बनवलेलं सगळं मालकाचं, असं कलम असतं. ते पत्र सोबत ठेवा.

पान पाठवण्याआधी मात्र फक्त नावं पाठवा: संस्थापकांची, होऊ घातलेल्या कंपनीची, मोठ्या गिऱ्हाइकांची. वकिलाने संघर्ष तपासून होकार दिला की मग तपशील. उलट क्रमाने गेलात आणि तो तुमच्या स्पर्धकाचाच वकील निघाला, तर माहिती त्याच्या कानावर गेलेली असते.

चार प्रश्न, ज्यांच्या उत्तरावरून माणूस कळतो

पहिला प्रश्न: “संस्थापक मध्येच गेला तर त्याचे शेअर्स कुणाकडे आणि कुठल्या मार्गाने परत येतात?”

आकडे घालूनच विचारा. तीन संस्थापक, प्रत्येकी ३,००,००० शेअर्स, चार वर्षांचं वेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ. म्हणजे ४८ महिन्यांत महिन्याला ६,२५० शेअर्स “पक्के” होतात, पण पहिल्या वर्षाआधी गेल्यास शून्य. आठव्या महिन्यात गेला तर सगळे ३,००,००० परत. विसाव्या महिन्यात गेला तर १,२५,००० त्याचे, १,७५,००० परत. इथवर कुणीही सांगेल. खरी मेख “परत” या शब्दात आहे. अमेरिकेतल्या नमुन्यांत लिहिलेलं असतं की कंपनी ते शेअर्स मूळ किमतीला परत विकत घेईल. तिथे ते साधारणपणे चालतं. भारत आणि इंग्लंडमध्ये कंपनीने स्वतःचेच शेअर्स विकत घेण्यावर कडक बंधनं आहेत. भारतात कंपनी कायद्याच्या कलम ६८ खालची पुनर्खरेदी (बायबॅक) ठरावीक निधीतून आणि ठरावीक मर्यादेतच करता येते, आणि नव्या कंपनीकडे तसा निधी बहुधा नसतो. म्हणून तिथे शेअर्स उरलेल्या संस्थापकांकडे सक्तीने वर्ग होतील, असं लिहावं लागतं. वकिलाने पट्कन “कंपनी बायबॅक करेल” म्हटलं, तर त्याने दुसऱ्या देशाचा नमुना डोळे मिटून उचलला आहे असं समजा.

याच प्रश्नाची शेपटी: गेलेला माणूस हस्तांतराच्या अर्जावर सहीच करत नसेल तर? चांगल्या मसुद्यात त्याची सोय असते. तसं झाल्यास त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला आधीच दिलेला असतो. हे मुखत्यारपत्राचं कलम नसेल, तर हक्क कागदावर तुमचा आणि शेअर्स त्याच्या नावावर, अशी अवस्था होते.

दुसरा: “आम्ही आधी बनवलेलं काम कंपनीच्या नावावर कसं येईल?”

कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेला कोड, काढलेला लोगो, केलेलं संशोधन हे ज्याने केलं त्याचंच राहतं. कंपनी झाली म्हणून ते आपोआप तिच्याकडे जात नाही. लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यातलं क्रियापद निर्णायक असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश यांच्यातल्या अमेरिकेतल्या खटल्यात असंच झालं. संशोधकाने विद्यापीठाला लिहून दिलं होतं की हक्क “हस्तांतरित करण्याचं मान्य करतो”. नंतर एका कंपनीत (तिचे हक्क पुढे रोशकडे आले) काम करायला गेला तेव्हा तिथे सही केली त्या कागदात होतं “याद्वारे हस्तांतरित करत आहे”. पहिलं म्हणजे पुढे देईन असं वचन आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्ष देणं. विद्यापीठाचा कागद आधीचा असूनही अपील न्यायालयात कंपनीचा कागद भारी ठरला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयातही विद्यापीठाला यश आलं नाही. तुमच्या मसुद्यात “मान्य करतो” आहे की “करत आहे”, हे स्वतः शोधून बघा.

भारतातला खाचखळगा वेगळा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी नमुन्यात हे शब्द नसण्याची शक्यता दाट. म्हणजे बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेला लोगो सहाव्या वर्षी पुन्हा त्याचा होऊ शकतो.

तारखेचीही एक चूक वारंवार दिसते. हस्तांतराचा करार नोंदणीच्या आधीच्या तारखेचा असतो. त्या दिवशी घेणारी कंपनीच अस्तित्वात नव्हती. हा कागद नोंदणीनंतरच करायचा, कंपनीतर्फे अधिकृत सहीने. आणि उशीर झाला म्हणून मागची तारीख टाकायला सांगणारा वकील असेल तर तिथेच नमस्कार करा.

तिसरा: “नोंदणीआधी आम्ही जागेचा, सामानाचा करार करू का?”

१८६६ सालचा केल्नर विरुद्ध बॅक्स्टर हा इंग्लंडमधला जुना खटला आहे. होऊ घातलेल्या हॉटेल कंपनीसाठी प्रवर्तकांनी मद्य विकत घेतलं आणि कंपनीच्या वतीने म्हणून सह्या केल्या. कंपनी नंतर झाली, मद्य पिऊन संपलं, कंपनी बुडाली. पैसे सह्या करणाऱ्यांच्या खिशातून वसूल झाले, कारण जी अजून जन्मलीच नाही तिच्या वतीने करार करता येत नाही. वकिलाकडून अपेक्षित उत्तर: शक्यतो थांबा. थांबता येत नसेल तर करारात असं लिहून घ्या की कंपनी स्थापन झाल्यावर ती हा करार स्वीकारेल आणि त्या क्षणी तुमची वैयक्तिक जबाबदारी संपेल. नंतर संचालक मंडळाचा तसा ठराव विसरू नका.

चौथा प्रश्न थोडा सापळ्यासारखा आहे: “सोडून जाणाऱ्याने तीन वर्षं आमच्याशी स्पर्धा करायची नाही, असं घालाल ना?” कॅलिफोर्नियात आणि भारतात नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी बहुतांशी टिकत नाही. भारतात १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आड येतं. “हो, घालतो” असं म्हणून गप्प बसणारा वकील तुम्हाला खोटा दिलासा विकतो आहे. “घालू, पण भरवसा गोपनीयतेच्या आणि गिऱ्हाइकं न पळवण्याच्या कलमांवर ठेवा” असं म्हणणाऱ्याला आपला कायदा माहीत आहे.

फी

आकड्याआधी त्यात काय-काय येतं ते विचारा. नोंदणीचा संच, संस्थापक करार, हक्कांचं हस्तांतर आणि पहिले ठराव एवढ्याला ठरीव फी मागता येते आणि मागावी. कामाचा आवाका माहीत असतो, ताशी दराने करण्याचं कारण नाही. ठरीव फीच्या पत्रात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कुठले कागद, मसुद्याच्या किती फेऱ्या, सरकारी शुल्क, मुद्रांक व नोटरी आत की बाहेर, आणि काम अर्ध्यात थांबलं तर किती द्यायचं. यातल्या फेऱ्यांवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. दोन फेऱ्या धरल्या असतील आणि संस्थापक चौथ्या फेरीतही वाटणीवरच घासाघीस करत असतील, तर वाढीव बिलाचा दोष वकिलाचा नाही. वाटणी, वेस्टिंग, कोंडी कशी सोडवायची, पगार कधीपासून, हे मुद्दे आपसात एका पानावर मिटवा, सह्या करा आणि मगच मसुद्याला द्या. फी वाचवण्याचा याहून मोठा मार्ग नाही.

ताशी दर असेल तर मोजणीचं एकक विचारा. बऱ्याच फर्म सहा मिनिटांच्या एककात मोजतात, म्हणजे तासाचे दहा भाग. अकरा मिनिटांचा फोन दोन एककं होतो. “ठीक आहे ना?” असा एका ओळीचा मेल आणि त्याला उत्तर, हे एक पूर्ण एकक. दिवसभरात असे पाच सुटे मेल पाठवलेत तर अर्धा तास गेला. सगळे प्रश्न साठवून आठवड्यातून एकदा पाठवा. आणि मसुदा प्रत्यक्ष कोण लिहिणार हे विचारा. मोठ्या फर्ममध्ये भेटीला ज्येष्ठ येतात आणि लिहायला नवखा बसतो. त्यात वाईट काही नाही, फक्त दर नवख्याचा लागायला हवा आणि शेवटी ज्येष्ठाची नजर फिरायला हवी.

फीऐवजी शेअर्स मागणारे वकील अमेरिकेत भेटतात. तिथल्या बार असोसिएशनच्या आदर्श नियम १.८ (ए) प्रमाणे अशा व्यवहाराच्या अटी न्याय्य आणि लेखी हव्यात, अशिलाला स्वतंत्र सल्ला घेण्याची सूचना लेखी द्यायला हवी आणि त्याची सहीनिशी संमती हवी. माझं मत विचाराल तर टाळा. आज वाचवलेली रक्कम छोटी असते, आणि तुमचाच भागधारक असलेला वकील तुम्हाला “हा व्यवहार करू नका” असं सांगताना कचरू शकतो.

मसुदा हातात आल्यावर

सगळा करार पहिल्या ओळीपासून वाचत बसलात तर चौथ्या पानावर डोळे मिटतील. एक प्रसंग घ्या आणि तो मसुद्यातून चालवून बघा. “पंधराव्या महिन्यात एक जण राजीनामा देतो.” कुठलं कलम लागू होतं? नोटीस कोण कुणाला देतं, किती दिवसांत? किती शेअर्स, कुठल्या भावाने? पैसे कधी? तो संचालक म्हणूनही आपोआप पायउतार होतो का? जिथे बोट अडकेल तिथे मसुद्यात भोक आहे. मग दुसरा प्रसंग: एकाचा मृत्यू. तिसरा: बाहेरचा गुंतवणूकदार २० टक्के मागतो. तीन प्रसंगांत करार जवळपास सगळा वाचून होतो, आणि समजूनही.

नमुन्यावरून उचललेल्या मसुद्याच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत: भलत्याच कंपनीचं नाव एखाद्या कलमात तसंच राहिलेलं, रिकामी परिशिष्टं, व्याख्या दिलेला शब्द पुढे कुठेच नाही, टक्के आणि शेअर्सची संख्या जुळत नाही, आणि “लागू कायदा” दुसऱ्याच देशाचा.

एक गोष्ट मात्र प्रसंगांतून दिसत नाही. संस्थापकांच्या (म्हणजेच भागधारकांच्या) करारात जे लिहिलं ते नियमावलीतही आहे का? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात म्हटलं की शेअर विकण्यावरचं बंधन नियमावलीत नसेल तर ते कंपनीला आणि भागधारकांना बांधत नाही, करारात कितीही ठळक असलं तरी. नोंदणी झाल्यावर नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो, भारतात आणि इंग्लंडमध्ये त्याला तीन चतुर्थांश मतं हवीत. तेव्हा रुसलेला एखादा तिसरा भागीदारही तो अडवू शकतो. म्हणून नियमावली पहिल्याच दिवशी आपली, करार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. नोंदणी सीएकडे आणि करार वकिलाकडे असं काम वाटलं असेल, तर दोघांना एका मेलमध्ये आणा. हा दुवा कुणी जोडत नाही.

भारतात करारावर योग्य मुद्रांक आहे ना तेही बघा. १८९९च्या मुद्रांक कायद्यानुसार शुल्क न भरलेला दस्तऐवज, शुल्क आणि दंड भरेपर्यंत, पुराव्यात घेता येत नाही. भांडण लागल्यावरच हे उमगतं.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं की वकिलाकडून तारखांचं एक पान मागा. भारतात पहिला लेखापरीक्षक संचालक मंडळाने ३० दिवसांत नेमायचा, शेअर प्रमाणपत्रं दोन महिन्यांत द्यायची, आणि भागधारकांनी भांडवल भरलं असल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत दाखल करायचं. त्याआधी धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही. अमेरिकेत कर भरणाऱ्या संस्थापकाला वेस्टिंगचे शेअर्स मिळाले असतील तर तिथल्या कर कायद्याच्या कलम ८३ (बी) खालचा पर्याय (शेअर्स मिळाले तेव्हाच्याच किमतीवर कर लावून घेण्याचा) ३० दिवसांत कळवायचा. ही मुदत चुकली की चुकली, नंतर शेअर्स पक्के होत जातील तसा त्या-त्या वेळच्या किमतीवर कर लागतो. हे काम वकिलाचं की तुमच्या करसल्लागाराचं, ते नेमणुकीच्या पत्रात नावानिशी लिहिलेलं असू द्या. “तो करेल वाटलं” हे वाक्य अशा मुदतींच्या बाबतीत फार ऐकू येतं.

त्याच पत्रात शेवटी एक ओळ फाइलबद्दल घाला: काम संपल्यावर किंवा मोडल्यावर सह्या केलेल्या मूळ प्रती आणि मसुद्यांच्या वर्ड फाइली अमुक दिवसांत परत. भारतात फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसं स्पष्ट केलं आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला थकलेल्या फीपोटी ते रोखून धरण्याचा हक्क असतो. तुमच्या देशात काहीही असो, गुंतवणूकदाराची छाननी चालू असताना मूळ करारासाठी जुन्या वकिलामागे फिरावं लागू नये. सही झाली त्याच दिवशी सगळ्याच्या स्कॅन प्रती तिन्ही संस्थापकांकडे गेल्या पाहिजेत.